बुधापेक्षा मोठा चंद्र

भैय्याजींनी टेबलावरची पृथ्वी उचलली, अंगठ्याच्या नखानं सोलली आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली. दोन-दोन फोडी एकदम तोंडात जात होत्या. खाताना त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं; संस्थेच्या शाळांमध्ये विज्ञानाची कशी प्रगती होऊन राहिली आहे ते मागच्या मंडळींना सांगणं चाललंच होतं, आणि वाक्याच्या मध्येच बी जिभेच्या टोकावर येऊन थांबत होती. बिया टाकायला जागा दिसेना तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं. उर्मिलानं हात पुढे केला. कोणी सांगितलं नव्हतं. तीर्थ घेताना करतात तसा तळहाताचा खळगा करून तिनं तो पुढे केला, आणि भैय्याजींनी त्यात बिया टाकल्या, लाळेसकट, कोमट. वर साल ठेवली. "गोड आहे," ते म्हणाले. "पृथ्वी भल्ली गोड आहे, बहनजी." सगळे हसले. तिचा नवरा हेमंत, संस्थेच्याच मुलांच्या शाळेतला मास्तर, भैय्याजींच्या उजव्या हाताला उभा होता; तोही हसला, आणि सगळ्यांचं हसणं संपल्यावरही थोडा वेळ हसत राहिला.

घोळका पुढच्या टेबलाकडे सरकला. उर्मिला तिथंच उभी राहिली. सालीखाली बिया हलकेच घसरत होत्या, आणि त्या घसरण्याचा ओला स्पर्श तिला दंडापर्यंत जाणवत होता. हात झटकावा असं वाटलं, पण टेबलावर पांढरी चादर होती, खाली पोरी बसल्या होत्या. हाताची मूठ करावी तर ते आणखीच भयंकर. म्हणून ती हात तसाच पुढे धरून शाळेच्या मागच्या नळाकडे चालत गेली, एखाद्या आजाऱ्याचं काही नेऊन टाकावं तशी. नळाला पाणी बारीक होतं. साल गेली, बिया गेल्या, तरी ती हात चोळत राहिली. नखांत संत्र्याचा वास होता. जानेवारीत पांढुर्ण्याला या वासातून सुटका नसते. मंडईत, स्टँडवर, पेट्यांच्या गवतात, माणसांच्या कपड्यांत तो असतोच, आणि सौसरला लग्न होऊन आल्यापासून तिला तो आवडायचा. आज तो घशाशी येत होता. पण खरी किळस बियांची नव्हती, तिला हे नळाशीच कळलं. किळस त्या तळहाताची होती. तो आपला आपण पुढे झाला होता. इतका सवयीचा, इतका वाटोळा, जणू कित्येक वर्षं त्याच कामासाठी त्याला घडवलं होतं.

आणि त्याच्या आधी जे झालं ते तर अजून तिनं नीट आठवलंही नव्हतं.

ते टेबल सौसरच्या कन्याशाळेचं होतं. संस्थेच्या सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन दर वर्षी पांढुर्ण्यालाच भरायचं, कारण संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी पांढुर्ण्याचे; त्यांचा संत्र्याचा माल कुठल्या कुठे जायचा. इतर शाळांनी पाण्याची टाकी, विजेची घंटी, ज्वालामुखी असं नेहमीचं आणलं होतं. उर्मिलानं आठवीच्या पोरींना घेऊन ग्रह आणि त्यांचे चंद्र मांडले होते, सगळे एका मापात. पृथ्वी संत्र्याएवढी धरली की शुक्रही जवळजवळ तेवढंच संत्रं, मंगळ एक लिंबू, आणि आपला चंद्र म्हणजे झाडावरचं बारकं बोर. युरेनस-नेपच्यूनला दोन कोहळी. शनीला टोपली, तिच्याभोवती पुठ्ठ्याचं कडं. गुरूसाठी एवढं मोठं फळ कुठून आणायचं, म्हणून जयवंता नावाच्या पोरीनं घरून भुसा वाहायचा टोपला आणला आणि पोरींनी त्यावर पिवळी साडी ताणून बसवली. मंगळाचे दोन चंद्र दाखवायला काहीच मिळालं नाही; खसखशीचा दाणासुद्धा त्यांच्यापुढे डोंगर होत होता. पोरी त्या दिवशी फार हसल्या होत्या. एका कागदावर पेन्सिलीचं टोक टेकवून त्यांनी दोन ठिपके दिले आणि खाली लिहिलं, 'हेही मोठे झाले आहेत, क्षमा असावी.' प्लूटो वाटाण्याचा, आणि त्याचा चंद्र, जो थोड्याच वर्षांपूर्वी सापडला होता, त्याच्या निम्म्या आकाराचा. आणि सगळ्यांत पुढे, बशीत कापूस घालून, दोन आवळे. एक बुध, सूर्याजवळचा ग्रह. दुसरा गॅनिमीड, गुरूचा सगळ्यांत मोठा चंद्र. गॅनिमीडचा आवळा बुधापेक्षा जरासा मोठा. प्रयोगशाळेतल्या माप घ्यायच्या कॅलिपरमध्ये धरून पोरींनी टोपलीभर आवळ्यांतून ते दोन निवडले होते, कारण फरक फार थोडा होता आणि तोच तर दाखवायचा होता. ग्रहापेक्षा चंद्र मोठा असू शकतो, हे जयवंताला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग त्याले कोणी सांगतलं नाही का, बहनजी, का तू मोठा आहे म्हणून?"

जयवंता मोहगावकडची. बाप पुंडलिकराव कपाशी लावायचा, बांधावर थोडी संत्र्याची झाडं होती. ती एस.टी.नं रोज सौसरला यायची, आणि कधीकधी तिच्या केसांना कपाशीचे तंतू लागलेले असायचे. बोलायला भीत नव्हती. म्हणून समजावून सांगायचं काम उर्मिलानं तिला दिलं होतं. भैय्याजी आले तेव्हा ती दोन्ही हातांवर दोन आवळे घेऊन तयार होती. तिनं सगळं नीट सांगितलं. भैय्याजी मान हलवत होते, ऐकत नव्हते. मग एकदम थांबले.

"चंद्र ग्रहापेक्षा मोठा?" ते म्हणाले. "मंग त्याले चंद्र कायले म्हणते? लेकरू बापापेक्षा मोठं असते का कधी?"

"आपल्या बापापेक्षा नाही जी," जयवंता म्हणाली. "याचा बाप गुरू होय, हा टोपला. त्याच्याहून लहानच आहे हा. पण दुसऱ्याच्या बापापेक्षा मोठा आहे."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. उत्तर बरोबर होतं; उर्मिलालाही इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. पण भैय्याजींच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. ते कशावरून थांबलं कोण जाणे. त्यांचा धाकटा मुलगा मागेच उभा होता, बापाच्या मालावर मालक म्हणून मिरवणारा, त्याच्यावरून असेल, किंवा एवढीशी एक पोरगी तोंड वर करून उत्तर देते यावरून असेल. त्यांनी उर्मिलाकडे पाहिलं. उर्मिला बोलणार होती. शब्द तोंडात आले होते, अगदी साधे शब्द, 'तिचं बरोबर आहे जी.' तेवढ्यात हेमंत पुढे आला, खाकरला, आणि हसत हसत जयवंताच्या हातातले आवळे काढून घेतले. "इकडचे तिकडे झाले जी," तो म्हणाला. "पोट्टीच्या हातून झालं. बुध हा, अन् चंद्र हा." मोठा आवळा त्यानं बुधाच्या चिठ्ठीवर ठेवला, लहान गॅनिमीडच्या. बोटानं दोन्ही नीट बसवले. "आता बरोबर आहे," तो म्हणाला. जयवंतानं उर्मिलाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, वाट पाहिली. आणि मग भैय्याजी मोकळे हसले, म्हणाले "चालते, लेकरं आहेत," आणि हात लांबवून पृथ्वी उचलली.

संध्याकाळच्या बसमध्ये हेमंत खिडकीशी बसला होता. मांडीवर संत्र्यांची पिशवी. भैय्याजींनी स्वतः पाठवली होती. बस निघायच्या आधीच त्यानं पहिलं संत्रं सोललं. साल तो एका अखंड पट्टीत काढायचा, ती त्याची जुनी हौस. मग फोडीवरचे पांढरे धागे एकेक ओढायचा आणि ते बोटाला चिकटले की बोट सीटच्या पत्र्याला पुसायचा. उर्मिला पाहत होती. तेरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला खाताना तिनं पाहिलं नव्हतं असं नाही, पण आज तिला त्याच्या जबड्याचा तो बारीक कट्कन् होणारा आवाज ऐकू येत होता, फोड फुटल्यावर ओठांच्या कोपऱ्यात जमणारा रस दिसत होता, नखांच्या कडांना साचलेला पिवळेपणा दिसत होता. पुढच्या सीटवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती आणि लेकरू आंबट दूध ओकलं होतं. त्या बाईनं ते लुगड्यानंच पुसलं. त्या ओकारीची किळस आली नाही. ती तर लेकराची होती, खरी होती. शेजारून हेमंतनं फोड पुढे केली. "घे ना," तो म्हणाला. "तू काही खाल्लंच नाही दिवसभर." तिनं मान हलवली. तो स्वभावानं वाईट नव्हता. तिच्या दुखण्यात त्यानं रात्र रात्र डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या. हे आठवलं तेव्हा तिला आणखीच मळमळलं, कारण ते हातही हेच होते, आणि त्या हातांना तिनं आपलं कपाळ दिलं होतं.

त्याला ठाऊक नसतं तर सोपं होतं. अडाणी माणसाचा राग येतो आणि जातो. पण गॅनिमीड तिला हेमंतनंच दाखवला होता. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी, तिच्या भावानं सैन्यातून आणलेली दुर्बीण महिनाभर सौसरच्या घरी होती. दिवेलागणीनंतर दोघं गच्चीवर जायची. हेमंत दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवायचा म्हणजे हलू नये, आणि तिला म्हणायचा, श्वास धरून पाहा. गुरूच्या बाजूला बारीक ठिपके असायचे, एका रेषेत, कधी तीन, कधी चार. अमेरिकेचं यान तिथून नुकतंच जाऊन आलं होतं. हेमंत नागपूरहून येणारं मासिक पोस्टातून आल्या आल्या उभ्यानंच वाचायचा. "पुस्तकात टायटन सगळ्यांत मोठा चंद्र म्हणून लिहून आहे," तो म्हणाला होता, "ते आता चूक झालं. हा मोठा. बुधापेक्षाही मोठा, माहीत आहे तुला? फक्त जागा चुकली बिचाऱ्याची. सूर्याभोवती असता तर ग्रह म्हणवला असता." त्याचा आवाज तेव्हा बारीक झाला होता, जसा आवडत्या माणसाबद्दल बोलताना होतो. तिनं अंधारात त्याचा हात धरला होता. ती ज्याच्याशी बांधली गेली होती तो माणूस तिला त्या टाकीजवळ पहिल्यांदा मनापासून आवडला होता. आज त्याच बोटांनी त्यानं आवळे बदलले. काय, कुठे, किती, हे सगळं माहीत असताना, हसत हसत, आणि वर एका पोरीच्या माथी चूक मारून.

मागच्या सीटवरून जयवंता उठली आणि खांब धरून त्यांच्या सीटजवळ येऊन उभी राहिली. मोहगाव जवळ आलं होतं. तिच्या हातात उत्तेजनार्थ बक्षिसाचं प्रशस्तिपत्र होतं, सुरळी केलेलं.

"बहनजी," ती म्हणाली, "मी चुकली का?"

उर्मिलानं तोंड उघडलं. हेमंतनं फोड गिळली. "पोरी, तू बक्षीस आणलं ना शाळेसाठी?" तो म्हणाला. "मंग झालं तर. चूक अन् बरोबर मॅट्रिकच्या पेपरात पाहायचं." तो प्रेमानंच बोलला. पिशवीतून दोन संत्री काढून त्यानं तिच्या ओंजळीत दिली, आणि जयवंतानं ती घेतली. तिचा तळहात कसा वाटोळा झाला ते उर्मिलाला दिसलं. बस थांबली. पोरगी उतरली. रस्त्याच्या कडेला तिचा बाप सायकल घेऊन उभा होता. बस हलली तेव्हा उर्मिलाच्या लक्षात आलं की आपण काहीच बोललो नाही. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा निदान वेळ मिळाला नव्हता असं म्हणता येत होतं.

"तू काय विचार करून राहिली?" थोड्या वेळानं हेमंतनं विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

समजलं नाही असं त्यानं दाखवलं नाही. तेवढं त्याच्यात शिल्लक होतं. जामसांवलीच्या फाट्यावर बस उभी राहिली, शनिवार असल्यानं मारुतीच्या दर्शनाहून परतणारी माणसं नारळाच्या पिशव्या सांभाळत वर चढू लागली, आणि त्या रेटारेटीच्या आडोशानं तो हळू आवाजात बोलला. "मार्चमध्ये आमच्या शाळेचे रघुनाथराव रिटायर होऊन राहिले. हेडमास्तर कोणाला करायचं ते भैय्याजी ठरवून राहिले. तुला माहीत नाही का? एका आवळ्यासाठी मी त्यांच्याशी वाद घालू? गॅनिमीडचं काय बिघडलं त्यानं? तो आहे तेवढाच आहे." शेवटचं वाक्य त्याला स्वतःला आवडलं असावं, कारण ते त्यानं पुन्हा म्हटलं. आणि खरं म्हणजे ते चूकही नव्हतं. म्हणूनच तर ते तिला गिळवेना. इतकं शहाणं वाक्य, आणि त्याला तोच वास.

रविवारी तिनं स्वयंपाक केला, पण जेवली नाही. ताटावर बसलं की दुसऱ्याच्या तोंडाची हालचाल दिसायची. शेजारची कलाबाई वाटीतून कढी घेऊन आली, तिच्याशी बोलताना उर्मिलाचं लक्ष तिच्या दातांकडे गेलं. ती बोलणं अर्धवट टाकून आत निघून आली. सगळी माणसं म्हणजे नुसती तोंडं झाली होती. दुपारी तिला वाटलं, आपण उगाच वाढवतो आहोत. जग असंच चालतं, बापानंही हेच सांगितलं होतं, तो तर सरकारी नोकरीत होता आणि साहेबाच्या पोराच्या गणिताच्या वह्या सोडवून द्यायचा. लहानपणी तिला वाटायचं, बाबांना गणित फार आवडतं. हे आठवल्यावर ती बराच वेळ माजघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. हेमंत बाहेर जायला निघाला तेव्हा चपला घालता घालता म्हणाला, "उद्या शाळेत काही बोलू नको. तुमच्या हेडमास्तरीणबाई सांगत होत्या, प्रार्थनेच्या वेळेस त्या पोट्टीला स्टेजवर बोलावणार आहेत. तेवढं होऊन जाऊ दे." ती हो म्हणाली नाही. त्यानं हो ऐकलं असावं, कारण तो शीळ घालत गेला.

सोमवारी थंडी होती. पोरी अंगणात रांगा करून उभ्या होत्या, हात काखेत दडपून. प्रार्थना झाली. हेडमास्तरीणबाई लीलाबाई यांनी प्रदर्शनाचं सांगितलं, भैय्याजींनी शाळेचं कसं कौतुक केलं ते सांगितलं, आणि जयवंताला ओट्यावर बोलावलं. "तिथं जसं समजावलं तसं सगळ्यांना सांग, बेटा."

जयवंता ओट्यावर चढली. केसांना भरपूर तेल लावून वेण्या घट्ट घातल्या होत्या. तिनं पृथ्वीपासून सुरुवात केली, शुक्र सांगितला, मंगळाचे चंद्र सांगितले, त्यावर पोरी हसल्या. आवाज कुठे अडला नाही. मग ती म्हणाली, "बुध हा सगळ्यांत सूर्याजवळचा ग्रह होय. गुरूचा चंद्र गॅनिमीड हा त्याच्यापेक्षा लहान आहे, कारण चंद्र ग्रहापेक्षा लहानच असतो." आणि हे सांगताना ती थोडी खाकरली आणि हसली, आणि दोन बोटांनी हवेत काहीतरी नीट बसवल्यासारखं केलं. हेमंत. हुबेहूब हेमंत. पोरींनी टाळ्या वाजवल्या. लीलाबाईंनीही वाजवल्या.

उर्मिलाच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते ओकारीसारखं होतं, पण तोंडाशी आलं तेव्हा शब्द निघाले. "हे खोटं आहे, जयवंता," ती म्हणाली. ती ओट्याच्या पायरीशी केव्हा आली तिलाही कळलं नव्हतं. टाळ्या थांबल्या. "शनिवारी तू भैय्याजींना सांगितलं तेच खरं आहे. तू चुकली नव्हती."

जयवंतानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. "मले मालूम आहे, बहनजी," ती म्हणाली.

"मग हे काऊन सांगितलं?"

"सरांनी बदललं तई तुम्ही चूप होत्या. बसमध्येही चूप होत्या." ती चिडली नव्हती, वर्गात विचारल्यावर सांगतात तसं सांगत होती. "मले वाटलं, मालूम एक असते, अन् सांगा लागते दुसरं."

लीलाबाई म्हणाल्या, "उर्मिलाबाई, घंटी झाली आहे," पण घंटी झाली नव्हती. शिपाईदादांना त्यांनी हातानं खूण केली. उर्मिला जागची हलली नाही. ही गोष्ट दुपारपर्यंत मुलांच्या शाळेत जाईल आणि संध्याकाळच्या आत पांढुर्ण्याला, हे तिला माहीत होतं. हेमंतचा चेहरा डोळ्यांपुढे आला, टाकीजवळचा नव्हे, बसमधला. तिला त्याची दया आली, आणि ती दयाही ओशट वाटली. "मी चूप होती, कारण मी भ्याली," ती म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ती माझी लबाडी होती. तुझी नाही. आता जे माहीत आहे ते सांग."

जयवंतानं आधी लीलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग उर्मिलाच्या. कोणत्या तोंडाचं ऐकायचं ते ती ठरवत होती, आणि चौदा वर्षांच्या पोरीला ते आता येत होतं, शुक्रवारपर्यंत येत नव्हतं. मग ती खाली वाकून, फक्त उर्मिलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुम्हाले एकटीले सांगू?"

"नाही," उर्मिला म्हणाली. "सगळ्यांना."

घंटी वाजली. रांगा हलल्या नाहीत. जयवंता सरळ उभी राहिली, आणि कोणाकडेच न पाहता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गॅनिमीड हा चंद्र आहे. तो बुध ग्रहापेक्षा मोठा आहे." मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, काय म्हणते? तिनं ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज मध्येच फाटला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लीलाबाई केव्हाच पाठ फिरवून ऑफिसात निघून गेल्या होत्या.

मग ती ओट्यावरून उतरू लागली. पायरी अरुंद होती आणि उर्मिला तिथंच उभी होती. उर्मिलानं तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. जयवंतानं आपला निळा स्कर्ट दोन्ही हातांनी आवरून घट्ट अंगाशी धरला, कुठे उर्मिलाच्या पातळाला लागू नये असा, आणि भिंतीच्या कडेकडेनं खाली उतरून आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली.